सुतारकामाची यंत्रं घेण्यासाठी आपत्कालीन निधीला हात लावावा का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "दीड वर्षापासून सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. पुस्तकांचं कपाट, एक बाक, दोन छोटी टेबलं झाली. सर्क्युलर सॉ, ड्रिल, ऑर्बिटल सँडर, एक रंधा, पटाश्या आणि सहा क्लॅम्प आहेत. आता टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं कापायचं यंत्र), प्लेनर-थिकनेसर (फळी सपाट आणि एकसारख्या जाडीची करणारं जोडयंत्र) आणि डस्ट कलेक्टर (भुसा-धूळ ओढणारं यंत्र) एकदमच घ्यावेत असं मनात आहे. घराचा महिन्याचा खर्च १०० धरला, तर तिन्हींची किंमत ४८० होते. आपत्कालीन निधी ६०० आहे. त्यातून २४० काढून उरलेले २४० दोन वर्षांच्या हप्त्यांवर घेईन. व्याज १० टक्के फ्लॅट. दरमहा २५ शिल्लक पडतात. दोन सहकाऱ्यांनी कॉफी टेबल मागितलं आहे, म्हणजे यंत्रं आपले पैसे आपणच फेडतील. शेड १८ फूट लांब, १० फूट रुंद आहे. घेऊ का?"

तिन्ही एकदम घेऊ नका, आणि निधीला तर हातच लावू नका. यंत्रं मात्र घ्या. फक्त क्रम बदला, आणि पैसे आधी साठवून मग घ्या.

आधी कर्ज पाहू. फ्लॅट दरात व्याज दोन्ही वर्षं पूर्ण २४० वर लागतं, तुम्ही मुद्दल फेडत आणलं तरीही. व्याज ४८, एकूण परतफेड २८८, हप्ता १२. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. दुकानदार 'शून्य व्याजा'ची योजना पुढे करेल, तेव्हा रोखीची किंमत वेगळी विचारा. रोखीत ६ टक्के सूट मिळत असेल आणि १२ हप्त्यांत मिळत नसेल, तर ते व्याज वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या जवळ पडतं. प्रोसेसिंग फी त्यावर वेगळी.

कर्जापेक्षा निधीचं गणित जास्त काळजीचं आहे. आज तुमच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे. २४० काढल्यावर उरतील ३६०, आणि खर्च मात्र हप्त्यासकट ११२ होईल. म्हणजे नोकरी गेली तर जेमतेम सव्वातीन महिने. शिलकीतल्या २५ पैकी १२ हप्त्यात गेले की १३ राहतात. लाकूड, गोंद, सँडपेपर, पॉलिश यांना त्यातले ५ धरा. उरलेल्या ८ मधून निधी पुन्हा भरायला दोन वर्षांहून जास्त लागतील, तेही मधे काही अडचण आली नाही तर. एवढा काळ घर उघड्यावर ठेवण्याइतकी घाई या खरेदीत नाही.

आता 'यंत्रं आपले पैसे फेडतील' हा मुद्दा. एका कॉफी टेबलाचे २० मिळाले असं समजू. त्यात लाकूड ७, पॉलिश-गोंद-स्क्रू २, ने-आण १. हातात १० राहतात. यंत्रांचे ४८० आणि व्याजाचे ४८ मिळून ५२८ भरून निघायला ५३ टेबलं लागतील. महिन्याला एक टेबल केलं तरी साडेचार वर्षं, आणि तेवढी वर्षं स्वतःच्या घरासाठी काही करायला सुट्टी उरणार नाही. तुमच्या मजुरीचं मोल यात शून्य धरलं आहे, हेही लक्षात घ्या.

लाकडाचा आकडा बहुतेक जण कमी धरतात. खडबडीत फळ्या घेतल्या तर गाठी, चिरा, बाक काढता काढता २५ ते ३० टक्के लाकूड वाया जातं. थिकनेसरमधून निघताना फळीचं टोक दोन-तीन इंच थोडं खोल कापलं जातं; म्हणून प्रत्येक फळी मुळातच चार-पाच इंच लांब ठेवावी लागते. विकलेला माल परत येण्याचा धोकाही असतो. ६०० मिलिमीटर रुंदीचं अखंड लाकडाचं टॉप दमट आणि कोरड्या दिवसांत मिळून पाच-सहा मिलिमीटर हलू शकतं. ते खालच्या चौकटीला स्क्रूने गच्च आवळलं तर पहिल्याच कोरड्या मोसमात तडकतं. चौकटीतली भोकं लांबट ठेवली की टॉपला हलायला जागा मिळते. ही गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला तेच टेबल दोनदा करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळचे पैसे कोणी देत नाही.

दोन्ही ऑर्डरी जरूर घ्या, पण लाकडाचे पैसे आगाऊ घेऊन. फळ्या रंधून देणाऱ्या लाकूडवाल्याकडून किंवा कारखान्यातून त्या मशीनवर साफ करून घ्या. जाडी हवी त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा आणि फळ्या एक-दोन आठवडे शेडमध्ये, मधे पट्ट्या घालून रचून ठेवा; ताजं रंधलेलं लाकूड पुन्हा थोडं वळतं. कापणं, रंधणं, सांधे, सँडिंग, पॉलिश यांना किती तास लागले ते वहीत लिहा. पुढचं यंत्र कोणतं, याचं उत्तर त्या वहीतच मिळेल. मला वाटतं, सर्वात जास्त तास फळ्या सपाट करण्यातच गेलेले दिसतील.

म्हणूनच टेबल सॉ आधी नको. १८ मिलिमीटरचं आठ बाय चार प्लायवूड तीस किलोच्या पुढे भरतं. ते एकट्याने टेबलावरून ढकलायचं तर पुढे आठ फूट, मागे आठ फूट आणि मधे यंत्र हवं. १८ फुटांच्या शेडमध्ये तुम्ही उभे कुठे राहणार? तेच प्लायवूड जमिनीवर फोमचा तुकडा पसरून, तुमच्याच सर्क्युलर सॉला सरळ गाइड आणि ४० ते ४८ दात्यांचं चांगलं ब्लेड लावून स्वच्छ कापता येतं. गाइड, ब्लेड, आणखी चार क्लॅम्प, लाकडातला ओलावा मोजायचं मीटर आणि चांगला मास्क एवढं या महिन्या-दोन महिन्यांच्या शिलकीत बसेल. ते आत्ताच घ्या.

त्यानंतर टेबलावर ठेवायचा छोटा थिकनेसर आणि डस्ट कलेक्टर, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या यादीतलं प्लेनर-थिकनेसरचं जोडयंत्र मात्र सोडा: महाग, जागा खाणारं, आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी टेबल उचलून पुन्हा लावायला लागणारं. नुसत्या थिकनेसरने वाकडी फळी सरळ होत नाही, हे खरं. रोलर तिला दाबून सपाट करतात आणि बाहेर आल्यावर ती पुन्हा वाकते. पण ती एका सपाट प्लायच्या पाटावर ठेवून खालच्या फटींत पातळ पाचरी चिकटवल्या की वरची बाजू सपाट निघते. मग पाट काढून फळी उलटवायची. कडेचं काम गाइड आणि सॉ करतात.

डस्ट कलेक्टर काटकसरीत कापू नका. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली आहे. थिकनेसरचा भुसा व्हॅक्युमच्या बारीक नळीत लगेच तुंबतो. १०० मिलिमीटरची नळी लागते आणि बारीक धूळ अडवणारा फिल्टरही. दोन्ही मोटारी एकत्र चालतात आणि सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. त्यामुळे वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) टाकून घ्या. लांब, बारीक एक्स्टेंशनवर व्होल्टेज कमी होतं आणि मोटार तापते. किंमत विचारताना नळ्या, वायरिंग, जादा पाती यांसाठी १५ ते २० टक्के वर धरा.

हे सगळं १५५ च्या आत बसवा. जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तेच १२ पुढच्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. १३ महिन्यांत १५६ जमतात. निधी ६०० च राहतो आणि व्याज शून्य. मधे बोनस आला तर हा काळ कमी होईल. पूर्ण ४८० निधीबाहेर साठलेले असते, तर 'कमाई होईल का' हा प्रश्नच मी विचारला नसता. छंदाला कमावून दाखवण्याची सक्ती नाही. कमाईच्या भरवशावर हप्ता बांधू नये, एवढंच.

टेबल सॉचा विचार त्यानंतर करा, तोही शेडची जागा सुटली तर. जुना मिळाला तर पैसे बरेच वाचतील. टेबलावर सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून खाली उजेड दिसतो का पाहा, ब्लेडचा दांडा हाताने हलवून बेअरिंग सैल नाही ना बघा, फेन्स (लाकूड जिला टेकवून सरकवतात ती पट्टी) ब्लेडला पुढे-मागे समांतर बसते का मोजा. ब्लेडमागचा रायव्हिंग नाईफ (ब्लेडच्या मागे उभी असलेली पातळ पट्टी) नसेल किंवा बसवता येत नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. कापलेलं लाकूड मागून ब्लेडला चिमटलं किंवा मागचे वर येणारे दाते त्याला लागले, की ते उसळून तुमच्याच अंगावर येतं. तो नाईफ नेमकं हेच अडवतो.

नियमित ऑर्डरी घ्यायला लागण्याआधी घराच्या विमा कंपनीला लेखी विचारा: शेडमध्ये विक्रीसाठी काम केलं आणि आग लागली, तर दावा चालेल का? बऱ्याच घरगुती पॉलिसींत व्यवसाय वगळलेला असतो, आणि पॉलिशच्या तेलाने भिजलेले बोळे ढिगात ठेवले तर आपोआप पेटू शकतात. ते उघडे पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.