वाचकांचे प्रश्न : छोट्या ट्रॅक्टरचा धूर आणि ड्रायव्हरची पाठ

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. वाय पद्धतीच्या (इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारावर वेली चढवलेल्या) मांडणीत सहज फिरावा म्हणून चार वर्षांपूर्वी २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याचा सायलेन्सर बॉनेटच्या उजव्या अंगाला आडवा असून तोंड खाली वळवलेले आहे. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पंख्याच्या फवारणी यंत्राच्या, फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचे डोळे चुरचुरतात, डोके दुखते आणि संध्याकाळी पाठ धरते. सायलेन्सर उभा करून घ्यावा, की चांगला मास्क घेतल्याने भागेल?
— एक द्राक्ष बागायतदार, जि. नाशिक

उत्तर : सायलेन्सरला हात लावण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करून घ्या. डोकेदुखी फक्त फवारणीच्या दिवशी होते, की नुसता रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे अवजार) चालवला त्या दिवशीही होते? रोटाव्हेटरच्या दिवशी भाऊ ठणठणीत असेल, तर दोष धुराचा नसून औषधाच्या तुषारांचा असण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्यावर उपाय सायलेन्सरमध्ये सापडणार नाही. डोकेदुखीबरोबर खूप घाम, तोंडाला लाळ सुटणे, मळमळ किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे अशी लक्षणे दिसली, तर फवारणी तिथेच थांबवून औषधाच्या डब्याचे लेबल सोबत घेऊन डॉक्टर गाठावा. मात्र कोणत्याही कामात डोके जड होत असेल आणि ट्रॅक्टरवरून उतरून मोकळ्या हवेत बसल्यावर बरे वाटत असेल, तर संशय धुरावरच घ्यावा.

धूर किरकोळीत काढण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून सांगतो की डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले. भारतात जानेवारी २०२३ पासून लागू झालेले ट्रेम-४ हे धुराबाबतचे कडक निकष ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरसाठी आहेत, त्यामुळे आपल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असणार नाही. इंजिन जे सोडेल, ते जसेच्या तसे बाहेर येते.

म्हणून धूर कुठून येतो, हे आधी शोधावे. पहाटे इंजिन थंड असताना ट्रॅक्टर उघड्यावर सुरू करून मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा नळ) आणि सायलेन्सरच्या जोडावर बॅटरीचा प्रकाश टाका. जोडातली पट्टी म्हणजे गॅस्केट गेलेले असेल, तर तिथे काजळीचा काळा ओघळ दिसतो आणि फटफट असा आवाज येतो. अशी गळती ड्रायव्हरच्या समोरच, बॉनेटखाली होत असल्याने सायलेन्सरचे तोंड कुठेही वळवले तरी धूर नाकाशी येतच राहतो. इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर सोडणारी) नळीही पाहावी. तिच्यातून येणारी तेलकट वाफ अनेकदा सायलेन्सरचा धूर समजली जाते. धुराचा रंगही बरेच सांगतो : ओढीवर काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर तुंबलेला असतो, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल खराब असते किंवा ट्रॅक्टरवर त्याच्या ताकदीपलीकडचे ओझे असते, निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचा, आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर मिस्त्रीला दाखवावा.

सायलेन्सर उभा करू नये, असे आमचे मत आहे. बागेत तो तारांत व काड्यांत अडकेल, आणि गरम धुराने पाने व घड भाजतील. त्याऐवजी तोंड बाहेरच्या बाजूला तिरपे वळवून घ्यावे. जोडनळी मूळ नळीपेक्षा अरुंद नसावी आणि वळणे कमीत कमी असावीत, नाहीतर धूर तुंबून इंजिनाची ताकद घटते. तोंड थेट जमिनीकडे ठेवले तर धुळीचा लोट उठतो.

वाऱ्याची एक गंमत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. ताशी चार किलोमीटर वेगाने फवारणी करताना वारा पाठीमागून साधारण तेवढ्याच वेगाने येत असेल, तर धुराचा ढग ड्रायव्हरसोबतच चालत राहतो. समोरचा वारा असेल तर धूर अंगावर येतो खरा, पण मागे निघूनही जातो. स्टिअरिंगजवळ लोकरीचा एक धागा बांधून ठेवला, तर कोणत्या ओळीत हवा कुठे वाहते ते दिसते, आणि शक्य असेल तिथे ओळीत फिरण्याची दिशा बदलता येते. ब्लोअरचा पंखा पुढून हवा ओढणारा असेल, तर तो बॉनेटजवळचा धूर ड्रायव्हरवरून मागे खेचतो. निफाडच्या थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत स्थिर असते, त्यात वेलींच्या ओळींत दाट पाने असतात, त्यामुळे त्या वेळी हा त्रास सर्वांत जास्त जाणवतो.

मास्कविषयी थोडक्यात : एन-९५ मास्क काजळीचे कण अडवतो, वायू अडवत नाही. औषधासाठी वापरायचा कोळशाचा मास्क फवारणीत वापरावाच, परंतु कार्बन मोनॉक्साइड त्यानेही थांबत नाही. बंद शेडमध्ये किंवा पॉलिहाउसमध्ये ट्रॅक्टर चालू ठेवण्याला कोणताच मास्क पर्याय नाही.

पाठीचे कारण वेगळे आहे. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक संवेदनशील असते, आणि ट्रॅक्टरचे हादरे बहुधा याच पट्ट्यात किंवा त्याच्या जवळपास असतात. सीटवर जाड स्पंज टाकल्याने बरे वाटते, पण तो हादरे वाढवूही शकतो. सीटखाली स्प्रिंगचा ताण कमीजास्त करण्याची मूठ असेल, तर ती बसणाऱ्याच्या वजनानुसार फिरवावी. भाऊ उतरून आपण बसलात, तर पुन्हा फिरवावी. टायरमधील हवा पुस्तिकेत शेतासाठी दिलेल्या मापाएवढीच ठेवावी. रस्त्यासाठी भरलेली जादा हवा बागेत पाठीला बसते.

आपल्या ट्रॅक्टरला ५४०-ई पीटीओ (अवजाराला ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याची काटकसरीची सोय) असेल आणि ब्लोअरला ताकद पुरत असेल, तर तो वापरून पाहावा. पीटीओचा वेग तोच राहून इंजिनाचे फेरे कमी होतात, त्यामुळे धूर, आवाज आणि डिझेल तिन्ही घटतात. आवाज ८५ डेसिबलपर्यंत असेल तर आठ तास काम चालते. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. तेव्हा भावाला कानातले बोळे जरूर द्यावेत.