हनुवटीखालची लोंबणारी कातडी ऑपरेशनशिवाय घट्ट होते का?

होते, पण थोडीफारच, आणि आधी तिथे कातडी सैल आहे की चरबी साठलीय ते स्किनच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. मी त्वचारोगाच्या ओपीडीत काम करते, तिथे डॉक्टर आधी चिमटीत धरून बघतात:

- नुसती पातळ कातडी हातात आली तर अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नाही, ध्वनिलहरींनी कातडीच्या आत उष्णता देणारं) नाहीतर मायक्रोनीडलिंग आरएफ (बारीक सुयांमधून रेडिओलहरींची उष्णता देणं), त्या उष्णतेने आत नवीन कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होतं, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात
- जाडसर लागलं तर डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये मंजूर केलेलं, पण ते फक्त चरबीच्या पेशी फोडतं, सैल कातडीवर घेतलं तर लोंबणं उलट जास्त दिसू शकतं

कातडी फारच लोंबत असेल तर मात्र यातल्या कशानेच भागत नाही, सर्जरीच लागते.