‘विसरण’ आणि ‘विसरणे’

भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात विज्ञान शिकवणाऱ्या ताई विचारतात: मेमरिस्टर या अर्धवाहक स्मृती-घटकातील प्रभारवहनाची समीकरणे समजावताना फळ्यावर ‘विसरण-पद’ लिहिले, तेव्हा मुलांनी त्याचा संबंध विसरण्याशी जोडला, मग डिफ्यूजनसाठी, म्हणजे कणांच्या आपोआप पसरण्यासाठी, दुसरा शब्द घ्यावा का?

माझ्या मते घेऊ नये. शास्त्रीय ‘विसरण’ संस्कृत ‘सृ’ म्हणजे सरणे या धातूचा, ‘प्रसरण’ आणि ‘अनुसरण’ यांच्या कुळातला. ‘विसरणे’ मात्र ‘स्मृ’ म्हणजे आठवणे या धातूचे. ‘विस्मृ’मधला ‘म’ प्राकृतात ‘वीसरइ’ होताना गळाला आणि दोन शब्द एकसारखे दिसू लागले. व्याकरण त्यांना आजही वेगळे ठेवते: विसरणाचा वेग, पण विसरण्याची सवय. आपल्या झाडीपट्टीत तर ‘विसरलो’ऐवजी ‘इसरलो’ म्हणतात, त्यामुळे तोंडी शिकवताना मुलांच्याच बोलीचा आधार मिळतो.

अर्थ सांगताना धानाच्या बांधीचे, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याचे, उदाहरण घ्यावे. वरच्या बांधीतले पाणी उताराने खालच्या बांधीत उतरते, तसे विद्युतक्षेत्राच्या ओढीने प्रभार वाहतात. सपाट जमिनीत ओल कोरड्या भागाकडे पसरते, तसे दाटीकडून विरळ भागाकडे होते ते विसरण. ही दोन्ही पदे एकत्र मांडणारी समीकरणे व्हॅन रूसब्रोक यांनी १९५० मध्ये दिली. उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते, आणि ते मुलांना अवश्य सांगावे: पाणी बांधीचा उतार बदलत नाही, पण येथे प्रभार स्वतःच विद्युतक्षेत्र घडवतात, म्हणून प्रभारांवरून विद्युतक्षेत्र ठरवणारे पॉयसाँचे समीकरणही सोबतच सोडवावे लागते. मेमरिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन नसल्याने धन प्रभारासारखी वागणारी जागा) यांच्या जोडीला स्फटिकातील ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही सरकतात. दोनच प्रभारवाहक असताना धन-ऋण चिन्हांच्या रचनेतून समीकरणांना उत्तर आहे या सिद्धतेला जो आधार मिळतो, तो तिसरा वाहक आल्यावर तसाच राहत नाही, आणि उत्तर सर्व काळासाठी अस्तित्वात आहे हे दाखवणे कठीण होते.

मुलांची शंका अगदीच निराधार नव्हती, हेही नोंदवावेसे वाटते. त्या रिकाम्या जागा इतक्या संथ असतात की व्होल्टेज काढल्यावरही त्यांची मांडणी टिकते. तीच घटकाची स्मृती, आणि विसरणाने मांडणी सपाट होत गेली तर ती पुसट होते.

फळ्यावर ‘विसरण-पद’ऐवजी ‘विसरणाचे पद’ लिहावे. ‘णा’ आणि ‘ण्या’ यांतील फरकानेच अर्थ निश्चित होतो.