सोसायटीला ‘कुत्रा बांधून ठेवू’ असं लिहून देऊ नका

सोसायटी कुत्रा बांधून आणि मांजर पिंजऱ्यात ठेवू असं लिहून मागतेय, रविवारी मीटिंग आहे, सही करू का, असं तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय. ‘सासरे म्हणतात, सही करून टाक म्हणजे कटकट मिटेल.’ त्यातल्या या वाक्यापाशी थबकले. आमच्याकडे हेच वाक्य २०१९ साली नवऱ्याच्या तोंडी होतं. बाकी सगळं जसंच्या तसं: भुंकण्याची तक्रार, सेक्रेटरींनी टाइप करून आणलेला कागद, कुत्रा चोवीस तास गॅलरीत बांधायचा, लिफ्टने न्यायचा नाही. तुमच्याकडे मांजर पिंजऱ्यात ठेवायची अट जास्तीची, एवढाच फरक.

लस, परवाना, शी उचलणं यावर लिहीत बसत नाही, ते तुम्ही करत असणारच. आणि मी वकील नाही. कुत्रं पाळणारी, एकदा चांगलीच पोळलेली बाई आहे. तेव्हा खाली जे लिहितेय ते एखाद्या वकिलाला दाखवूनच वापरा.

मी सही केली. दारात उभ्या उभ्या, सेक्रेटरींच्याच पेनने, कारण आत गॅसवर दूध होतं. मजकुराची सुरुवात ‘मी स्वखुशीने लिहून देते की’ अशी होती. हा ‘स्वखुशीने’ मला सगळ्यात महाग पडला.

आमचा बंड्या गावठी आणि लॅब्रेडॉरची मिसळ, तीस किलोचा. साखळीला बांधल्यावर तो गप्प बसेल असं सोसायटीला वाटलं, खरं सांगायचं तर मलाही वाटलं. झालं उलटंच. घरात सोफ्याखाली झोपणारं जनावर दिवसभर गॅलरीच्या कठड्याशी उभं राहून रस्त्यावरच्या प्रत्येक भंगारवाल्यावर भुंकायला लागलं. माझी तेव्हा नोकरी होती, संध्याकाळचं फिरणंही दिवसाआड चुकायचं. ओढून ओढून मानेवरचे केस गेले, मग जखम झाली. दीड महिन्यानंतर समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी फोटो काढून पोलिसांत तक्रार दिली. माझ्याविरुद्ध! आणि चौकशीत सोसायटीने शांतपणे तोच कागद पुढे केला: ‘आम्ही कुठे सांगितलं? बाईंनी स्वखुशीने लिहून दिलंय.’

आता कायद्याचं, जेवढं मला तेव्हा घासून घासून पाठ झालं तेवढं. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० याचं कलम ११ काढून वाचा. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं ही वेगळी क्रूरता, आणि ती थेट मालकाच्या नावावर. हलता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात ठेवणंही त्याच कलमात येतं, म्हणजे तुमच्या मांजराची अटही यात बसते. कायद्याच्या व्याख्येत माणूस सोडून सगळे जीव ‘प्राणी’ आहेत, ‘मांजराचं काय एवढं’ असं कुणी म्हणालं तर हे सांगा. साखळी किती फूट, किती तास, हे मात्र कलमात नाही. ‘अवाजवी’ काय ते शेवटी फोटो आणि डॉक्टरांचा कागद ठरवतात.

दंड ऐकून हसाल: पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. माझे वकीलही हसले होते. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, म्हणून नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करतात आणि बहुतेक वेळा तिथेच थंड होतं. पण कलम २९ पण वाचा. दोषी ठरलात आणि जनावर तुमच्याकडे राहिलं तर त्याचे पुन्हा हाल होतील असं न्यायालयाला वाटलं, तर ते काढून घेता येतं. मला झोप लागत नव्हती ती या कलमामुळे, पन्नास रुपयांमुळे नाही.

यात एका कार्यालयाची भर. नाव घेत नाही. बंड्याच्या परवान्याचं नूतनीकरण नेमकं त्याच महिन्यात आलं, तर खिडकीवरचे साहेब म्हणाले सोसायटीचं ना-हरकत आणा. सोसायटी म्हणाली आधी परवाना दाखवा, मग बघू. चार फेऱ्या, तीन रजा. पाचव्या वेळी ‘ना-हरकत लागतं असं कुठल्या नियमात आहे ते लेखी द्या’ असा अर्ज केला आणि आवक शिक्का मागितला. परवाना त्याच दिवशी मिळाला! असो, राग अजून गेलेला नाही.

सुटका कशी झाली ते सांगते. डॉक्टरांकडून जखमेचा आणि उपचाराचा दाखला घेतला, साखळी काढली. मग सोसायटीला पत्र दिलं की आधीचं लिहून दिलेलं मागे घेत आहे, कारण ते पाळलं तर माझ्याकडून कलम ११ मोडलं जातं. पत्राची पोच घेतली. त्यावर उत्तर आजतागायत आलेलं नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही जोडल्या होत्या. बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात आहे. मात्र या ‘सूचना’ आहेत, कायदा नव्हे, त्यामुळे सेक्रेटरींच्या तोंडावर फेकण्याआधी जपून. माझं मत विचाराल तर भांडण लिफ्टवरून सुरू करूच नका. साखळीवरून करा, तिथे तुमची बाजू पक्की आहे.

आणि भुंकण्याची तक्रार खोटी समजू नका. आमच्याकडे गॅलरीच्या खालच्या अर्ध्या भागाला हिरवं कापड लावलं, रस्ता दिसेनासा झाला आणि निम्मं भुंकणं गेलं. सकाळी चाळीस मिनिटं चालवल्यावर उरलेलंही बरंच कमी झालं. शेजारच्या काकूंना हे आधी सांगितलं असतं तर कागदापर्यंत गोष्ट गेलीच नसती, असं नवरा म्हणतो. त्याने म्हणू नये, पण बरोबर आहे.

रविवारच्या मीटिंगला जा, पण पेन घरी ठेवून. तिथे दिलेला कागद ‘वाचून कळवते’ म्हणून घरी आणा. तुमच्या पोस्टमध्ये सध्याची साखळी किती लांब आहे ते लिहिलेलं नाही. ती आज मोजा, आणि कुत्रा तिच्यावर असताना वळून पाण्यापर्यंत पोचतो का ते बघून इथे सांगा.