संक्रांतीनंतर नाही, ९ जानेवारीच्या आत

जुना लॅपटॉप घेतला, सांगितला एक आणि दिला दुसरा, अशी पत्रं माझ्याकडे येतच असतात. सेलूचे हे वाचक ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र चालवतात. १२ जानेवारी २०२४ ला त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून २१,५०० रुपयांना रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. व्हॉट्सॲपवर ठरलं होतं, 'आय-थ्री ८१३०यू, एट्थ जेन, विंडोज ११ चालतं.' घरी आला तो ७०२०यू, म्हणजे दुसऱ्याच मॉडेलचा प्रोसेसर. पंधरा दिवसांत भाच्याने ते पकडलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, 'प्रोसेसर बदलून देतो.' तो अजून देतोच आहे. वाचक विचारतात: दोन्ही आय-थ्रीच आहेत, मग ही फसवणूक ठरते का? आणि पत्राच्या शेवटी, सहज म्हणून, 'संक्रांत झाली की वकिलामार्फत नोटीस द्यावी म्हणतो, चालेल ना?'

नाही चालणार. तुमच्या प्रकरणात पहिला प्रश्न गौण आहे, हा दुसराच सगळं ठरवणार आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमची दोन वर्षं १२ जानेवारी २०२६ ला, सोमवारी भरतात. संक्रांत १४ ला. म्हणजे तिळगूळ खाऊन तुम्ही वकिलाची पायरी चढाल तोवर मूळ भांडण बाजूला पडलेलं असेल आणि उशीर का झाला याचाच खुलासा करत बसावं लागेल. त्यातून १० ला दुसरा शनिवार, ११ ला रविवार. तेव्हा ९ तारखेच्या शुक्रवारी तक्रार दाखल झालेली हवी. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते, पण शेवटच्या रात्री पोर्टल आणि तुमच्या गावची वीज या दोघांवर एकदम भरवसा ठेवू नका.

नोटीस दिली की मुदत थांबते, हा आपल्याकडे पक्का समज आहे. कुणी पसरवला देव जाणे. नोटिशीने मुदत थांबत नाही, स्मरणपत्राने थांबत नाही आणि 'बघतो, करतो' अशा मेसेजनेही थांबत नाही. या कायद्यात तक्रारीआधी नोटीस देण्याची सक्तीही नाही. द्यायचीच तर स्पीड पोस्टाने द्या, पण तिच्या उत्तरासाठी तक्रार अडवून ठेवू नका. कुणी सांगेल की कोरोनात मुदत वाढली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, हे खरं. तुमची खरेदी त्याच्या पुढची आहे.

लबाडी कळली त्या दिवसापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येतो आणि एखाद्या प्रकरणात टिकतोही. पण तुम्हाला कळलं कधी? तुम्हीच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये २७ जानेवारी २०२४ चा तुमचा मेसेज आहे: 'भाऊ, हा ७०२०यू निघाला.' म्हणजे भांडूनतंडून पंधरा दिवस पदरात पडतील, तेवढेच. विंडोज १० चा सपोर्ट संपल्याचा विषय निघाला तेव्हा, ऑक्टोबर २०२५ मध्ये कळलं, असं शपथपत्रात लिहायचा मोह होईल. लिहू नका. तोच मेसेज दुकानदाराच्या फोनमध्येही आहे.

मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पुरेसं कारण पटलं तर ग्राहक आयोग कारण नोंदवून उशीर माफ करू शकतो. पण 'समोरचा झुलवत राहिला आणि मी झुलत राहिलो' हे कारण किती पटेल, याची मला शंका आहे.

झुलण्याबद्दल थोडं रागाने लिहितो. 'सोयाबीन निघालं की येतो', 'दिवाळी होऊ द्या', हे मेसेज दुकानदाराचे नाहीत, तुमचे आहेत. आणि तो जे देतो म्हणत होता ते होण्यासारखंच नव्हतं. या दोन्ही चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात. डेस्कटॉपसारखी एक काढून दुसरी बसवता येत नाही, बदलायचं तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो. सेलूच्या स्टेशन रोडवर कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारलं असतं तर चहा संपायच्या आत कळलं असतं. एक बरं झालं. उद्या दुकानदाराने 'यांनीच बाहेर प्रोसेसर बदलून घेतला' असा कांगावा केला, तर तो याच कारणाने पडतो.

आता त्याचा तो मेसेज, ज्यावर तुम्ही चिडला आहात आणि मी खूश आहे: 'दादा, २.२ सांगितला होता, २.३ दिला. जास्तच दिलंय, कमी नाही.' आकडे खरे आहेत. ८१३०यू चा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ, ७०२०यू चा २.३. दोन्हीत दोन कोअर, चार थ्रेड, दोन्ही १५ वॉटच्या. फरक पुढे आहे. ७०२०यू ला टर्बो नाही, तो २.३ च्या वर जातच नाही. ८१३०यू काम पडलं की ३.४ पर्यंत जातो. कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, ७०२०यू ला ३ एमबी, ८१३०यू ला ४. जड पीडीएफ उघडताना, पोर्टलची पानं लोड होताना हा फरक हाताला जाणवतो. पण माझ्या दृष्टीने त्या मेसेजची किंमत वेगळीच आहे. सांगितला एक आणि दिला दुसरा, हे त्याने स्वतःच्या बोटांनी लिहून दिलं. इतकी सरळ कबुली उलटतपासणीतही मिळत नाही. वस्तूची प्रत, दर्जा किंवा मॉडेल खोटं सांगणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्टिकरवर दोन्हीकडे आय-थ्री आहे, हा बचाव तिथे फार चालू नये.

तक्रारीत मात्र 'लॅपटॉप निकामी आहे' असं लिहू नका. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असताना फॉर्म, टायपिंग, प्रिंट या कामांत ७०२०यू अडून बसत नाही. समोरचा वकील उठून विचारेल, मग दोन वर्षं केंद्र कशावर चाललं? तुमचं दुखणं विंडोज ११ आहे, त्यावरच बोट ठेवा. विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत ८१३०यू बसतो, ७०२०यू बसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, तो मुद्दा समोरून येईलच. येऊ द्या, तुम्हाला कबूल केलं होतं ते विंडोज ११. पीसी हेल्थ चेक या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी ॲपमध्ये प्रोसेसर चालत नसल्याचं जे दिसतं, त्याचा तारखेसह फोटो काढा. आणि भाच्याला सांगा, यूट्यूब बघून मागच्या दाराने विंडोज ११ टाकू नकोस. टाकलंस तर मामाचा मुद्दाच गेला.

बिल पाहिलं. 'आय-थ्री लॅपटॉप, ८ जीबी, २५६ एसएसडी.' मॉडेल नंबर नाही, तुम्हीही लिहून घेतला नाही. त्यामुळे सगळा भार व्हॉट्सॲपवर. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं. बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय, त्याने घाबरू नका. एक महिन्याची वॉरंटी संपली, हेही इथे लागू नाही. वॉरंटी बिघाडासाठी असते, तुमची वस्तू बिघडलेलीच नाही.

बाकी बाबतीत खात्री देत नाही. संभाजीनगरला जायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा कलम ३४ देतं, म्हणजे परभणीच्या जिल्हा आयोगात चालेल. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. केंद्र चालवता म्हणजे खरेदी व्यावसायिक, तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप येईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर कायद्याचं स्पष्टीकरण तुमच्या बाजूने आहे, पण केंद्रात पगारी माणसं किती, जीएसटीचं क्रेडिट घेतलं का, यावर ते हलू शकतं. मला ते कळवा. मागणी बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची ठेवा. दोन वर्षांच्या वापरापोटी काही वजावट होण्याची तयारीही ठेवा. कायदा म्हणतो, तपासणी नको असेल तर तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. 'प्रयत्न' हा शब्द कायद्यातलाच आहे, आणि तारखांना जाऊन आलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साध्या प्रकरणातही वर्ष उलटलेलं मी पाहिलं आहे.

बिलाचा जो फोटो पाठवलात त्याचा खालचा कोपरा कापला गेलाय. दुकानदाराचं पूर्ण नाव आणि जीएसटी नंबर नेमके तिथेच असतात, आणि विरुद्ध पक्ष म्हणून कुणाचं नाव घालायचं हे त्यावरून ठरेल. बिल टेबलावर सपाट ठेवून आजच पुन्हा फोटो काढून पाठवा.