रुबाब, करारीपणा आणि बाणा

अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेतील तीन कृष्णवर्णीय महिला गणितज्ञांवरचा ‘हिडन फिगर्स’ हा २०१६ चा चित्रपट पाहून एका वाचक भगिनींनी त्यातील तिन्ही नायिकांचे वर्णन ‘रुबाबदार’ असे केले. हा शब्द तिथे शोभत नाही, अशी हरकत त्यांच्या मैत्रिणीने घेतली आणि ‘करारी’ सुचवला, पण त्या शब्दात नायिकांचे देखणे पोशाख कुठेच येत नाहीत. पेहराव आणि मनोबल ही दोन्ही एकत्र सांगणारा मराठी शब्द कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे.

मैत्रिणीची हरकत मला योग्य वाटते. रुबाब म्हटला की समोरच्यावर पडणारा दरारा आलाच, आणि कॅथरिन जॉन्सन, डोरोथी वॉन व मेरी जॅक्सन या तिन्ही नायिकांकडे १९६१ च्या वर्णभेदी व्हर्जिनियात नेमकी तीच सत्ता नव्हती. ‘दिमाख’ मिरवण्यासाठी असतो, ‘नटणे’ प्रसंगापुरते असते आणि ‘टापटीप’ इस्त्रीच्या घडीपलीकडे जात नाही.

मी ‘बाणा’ हा शब्द सुचवेन. आज आपण तो स्वाभिमान किंवा ब्रीद या अर्थाने वापरतो. मराठी बाणा आणि रामशास्त्री बाणा हे प्रयोग सर्वांच्या ओळखीचे आहेत. परंतु एखाद्या पंथाचा किंवा वर्गाचा ओळखू येणारा वेष हाही या शब्दाचा जुना अर्थ आहे. हिंदीतील ‘बाना’ अजून तोच अर्थ जपून आहे आणि रणात उतरणाऱ्या राजपुताचा ‘केसरिया बाना’ म्हणजे त्याचा केशरी पोशाखच. अंगावरचे वस्त्र आणि मनातला निश्चय एकाच शब्दात नांदावेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण जो वेष घेतला त्याला जागणे म्हणजेच पुढे ब्रीद झाले असणार.

चित्रपटातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीचे स्वच्छतागृह अर्ध्या मैलावर असल्यामुळे कॅथरिनला उंच टाचांच्या बुटांत, हातात कागदांची चळत घेऊन धावावे लागते. पावसात भिजून परतल्यावर साहेब जाब विचारतात, तेव्हा ती पोशाखाचे नियमच बोलून दाखवते: गुडघ्याखाली स्कर्ट, टाचांचे बूट आणि मोत्यांची साधी माळ, पण मोती घेता येतील एवढा पगार आम्हाला मिळतोच कुठे? लादलेला पोशाख ती तक्रार न करता नेटकेपणाने वागवत आली होती, म्हणूनच तिचा तो प्रश्न इतका खोल जाऊन लागतो. हे उत्तर ‘बाणेदार’ आहे, आणि ओला झालेला तो पोशाखही त्या उत्तराचाच भाग आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत वेषाला हे महत्त्व खरोखरच होते. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरीत बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स व्यवसायाने शिवणकाम करणाऱ्या होत्या, आणि त्यानंतरच्या ३८१ दिवसांच्या बस-बहिष्कारात असंख्य कष्टकरी स्त्रियांनी रोजची वाट पायी तुडवली. ज्या समाजाला हीन लेखले जात होते, त्या समाजातील स्त्रीने कडक इस्त्रीचा पोशाख करून, हातमोजे घालून मोर्चात चालणे हे आपल्या प्रतिष्ठेचे जाहीर सांगणे होते. पुढे याच चळवळीतील ‘एसएनसीसी’ या विद्यार्थी संघटनेतील अनेक तरुणींनी मिसिसिपीतील शेतमजुरांशी नाते सांगण्यासाठी जाड्याभरड्या डेनिमचे कपडे स्वीकारले. तोही बाणाच होता.

वापराविषयी एक सूचना मात्र करावीशी वाटते. ‘बाणेदार’ हे विशेषण आज उत्तराला किंवा माणसाला लागते. ‘बाणेदार झगा’ कानाला खटकेल. त्यामुळे नाम वापरणे बरे. आपले वाक्य असे करता येईल: ‘त्या तिघींच्या चालण्याबोलण्यात जो बाणा होता, तोच त्यांच्या पोशाखातही होता.’