‘कर्जमाफी’, ‘नवंजुनं’ आणि ‘बोजा’: झांबियाच्या निमित्ताने

परभणीच्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘झांबियाला २०२३ मध्ये ६.३ अब्ज डॉलरची कर्जमाफी मिळाली’ असे वाक्य त्यांनी एका मराठी लेखात वाचले. मूळ इंग्रजीत एके ठिकाणी ‘डेट रिस्ट्रक्चरिंग’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘डेट रिलीफ’ असे होते. या दोन्हींसाठी ‘कर्जमाफी’ हा एकच शब्द चालेल काय?

माझ्या मते चालणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आफ्रिकेतल्या झांबियाने परकीय रोख्यांवरच्या (म्हणजे गुंतवणूकदारांकडून कर्ज घेताना लिहून दिलेल्या कागदांवरच्या) व्याजाचा हप्ता थकवला आणि जून २०२३ मध्ये चीन, फ्रान्स इत्यादी धनको सरकारांशी त्याची तडजोड झाली. त्या तडजोडीत परतफेडीची मुदत वीस वर्षांहून पुढे गेली, पहिली काही वर्षे केवळ व्याज भरण्याची मुभा मिळाली आणि व्याजाचा दरही बराच खाली आला, परंतु मुद्दल कमी झाले नाही. जेथे मुद्दल कायम आहे तेथे ‘माफी’ लिहिणे म्हणजे वाचकाला चुकीची बातमी देणे होय. आपल्या बँका यासाठी ‘पुनर्गठन’ हा शब्द वापरतात. दुष्काळात पीककर्जाचे हप्ते पाडून दिले जातात, ते पुनर्गठनच असते आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पुनर्गठनाहून वेगळा आणि फार नेमका असा आणखी एक शब्द आपल्याकडे आहे: ‘नवंजुनं’. आमच्या चुलत्यांच्या घरी मार्चअखेर जवळ आली की सोसायटीचे गटसचिव चक्कर टाकत. चुलते चार दिवसांसाठी कोणाकडून तरी उसने पैसे आणून जुने कर्ज भरत, आणि नवे कर्ज मंजूर झाले की त्याच पैशांतून उसनवारी फेडत. हातात काहीच उरत नसे, उसन्या पैशांचे व्याज मात्र खिशातून जाई. केनियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेमके हेच केले. २०१४ साली घेतलेले दोन अब्ज डॉलरचे रोखे जूनमध्ये फेडायचे होते, म्हणून दीड अब्जाचे नवे रोखे काढून जुन्यांतले बहुतेक परत घेतले. जुन्यांवरचे व्याज ६.८७५ टक्के होते, नव्यांवरचे ९.७५ टक्के. अशा व्यवहाराला वृत्तपत्रे ‘पुनर्वित्त’ म्हणतात. तो शब्द चुकीचा नाही, पण ‘केनियाने कर्जाचे नवंजुनं केले’ असे लिहिले तर लातूर-बीडच्या वाचकाला त्यातली ओढाताणही कळेल.

आता ‘माफी’ या शब्दाकडे येतो. हा शब्द अरबीतून आला असून त्याच्या मुळाशी क्षमेचा अर्थ आहे. ‘फीमाफी’त दोषाची छटा नाही हे मान्य केले पाहिजे, कारण तेथे देणे उभे राहण्यापूर्वीच सूट मिळालेली असते. घेतलेल्या कर्जाला ‘माफी’ जोडली की मात्र ऋणको चुकला आणि धनकोने उदारपणे पोटात घातले, असा सूर आपोआप लागतो. झांबियाची डॉलरची कमाई मुख्यतः तांब्यावर आहे आणि तांब्याचा भाव तिच्या राजधानीत, लुसाकात, ठरत नाही. देणे डॉलरमध्ये आहे आणि डॉलरचे व्याजदर वॉशिंग्टनमध्ये ठरतात. ज्याने सोयाबीनचा भाव पडताना पाहिला आहे, त्याला यात केवळ ऋणकोचा दोष दिसणार नाही. १९५३ मध्ये लंडन येथे पश्चिम जर्मनीचे युद्धपूर्व आणि युद्धोत्तर कर्ज जवळजवळ निम्म्याने कमी करण्यात आले, तेव्हा त्या दस्तऐवजाचे नाव ‘करार’ असे होते. करारात दोन बाजू समोरासमोर बसलेल्या असतात. माफीत एक उभी असते आणि दुसरी वाकलेली. गरीब देशांविषयी लिहितानाही हा फरक आपण राखला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मग ‘डेट रिलीफ’ला काय म्हणावे? ‘कर्जमुक्ती’ हा शब्द राज्याच्या २०१९ च्या योजनेच्या नावात आहे आणि तो सन्मानाचा आहे, परंतु देणे पूर्ण संपले असेल तरच तो खरा ठरतो. मला सातबाऱ्यावरचा शब्द अधिक जवळचा वाटतो. कर्ज घेतले की ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा चढतो आणि फेडले की फेरफार होऊन तो उतरतो. बोजा थोडा उतरू शकतो, पूर्णही उतरू शकतो, आणि त्यात कोणी कोणाला क्षमा करत नाही. म्हणून सर्वसाधारण अर्थाने ‘कर्जाचा बोजा हलका करणे’ असे लिहावे.

वाचकांनी पाठवलेले वाक्य मी असे लिहीन: ‘२०२३ मध्ये झांबियाच्या ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जाचे पुनर्गठन झाले.’ २०२४ मध्ये त्याच देशाच्या खासगी रोखेधारकांनी आपल्या येण्यातला काही भाग सोडून दिला. त्यासाठी ‘सूट’ हा शब्द योग्य आहे. आणि २००५ च्या सुमारास अतिकर्जबाजारी गरीब देशांच्या योजनेखाली झांबियाच्या बाह्य कर्जाचा फार मोठा हिस्सा कायमचा रद्द झाला, तेथे ‘कर्ज रद्द केले’ असे सरळ लिहावे.